जुन्या कपाटाला नवा आरसा

घरात मंगलकार्य ठरले अथवा दिवाळी जवळ आली, की जुन्या कपाटांकडे प्रथम लक्ष जाते. चिंचवड गावठाणातील जुनी घरे असोत, की निगडी-प्राधिकरणातील बंगले; तेथील कपाटांची दारे पुष्कळदा अस्सल सागवानी असतात. पॉलिश काळवंडते, खोली अंधारी वाटू लागते आणि कपाटच काढून टाकण्याचा विचार बळावतो. व्यापारी कुटुंबाने येथे क्षणभर थांबावे. उत्तम लाकूड हे घरात आधीच गुंतलेले भांडवल आहे. ते भंगाराच्या भावात देऊन भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचे कपाट आणणे, हा तोट्याचा सौदा होय. दारावर आरसा बसविल्यास थोडक्या खर्चात कपाटाचे रूप पालटते आणि खोलीही उजळते.

प्रथम मापाचा विचार करावा. डोक्यापासून पायांपर्यंत स्वतःला पाहण्यासाठी आपल्या उंचीच्या निम्म्या उंचीचा आरसा पुरतो, असा प्रकाशाच्या परावर्तनाचा नियम आहे. आपण जवळ उभे राहिलो काय किंवा दूर, त्यात फरक पडत नाही. घरातील सर्वांत ठेंगण्या व्यक्तीचे डोळे जमिनीपासून साडेचार फुटांवर असतील, तर आरशाची खालची कड सव्वादोन फुटांवर घ्यावी. सर्वांत उंच व्यक्तीचे डोळे व माथा यांच्या मध्यावर वरची कड आणावी. पाच फूट दहा इंच उंचीच्या माणसासाठी ती सुमारे पाच फूट आठ इंचांवर येते. म्हणजे साडेतीन फुटांच्या आरशात साडीच्या निऱ्यांपासून पगडीपर्यंत सारे दिसते. दीड फूट रुंदीच्या दारावर सहा फुटी आरसा घेतल्यास ९ चौरस फूट काच लागते; येथे सव्वापाच चौरस फुटांत काम भागते.

माप कमी झाले, की वजनही घटते. ४ मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन दर चौरस मीटरला १० किलो असते. त्या हिशेबाने सहा फुटी आरसा सुमारे साडेआठ किलोंचा, तर साडेतीन फुटी पाच किलोंचा होतो. हा भार अखेर बिजागऱ्यांवर येतो. म्हणून आधी ढिले स्क्रू बदलावेत आणि गरज भासल्यास आणखी एक बिजागरी लावून घ्यावी. सरकत्या दारांत दोन दारांमधील फट मोजल्याशिवाय काच कापू नये.

चिकटविताना एक दक्षता अवश्य घ्यावी. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन आरशाच्या पाठीमागील चांदीचा थर खराब करते. म्हणून दुकानात ‘न्यूट्रल’ सिलिकॉनच मागावे. तरीही सारी भिस्त त्यावर ठेवू नये. चारही बाजूंनी लाकडी पट्टी मारावी आणि खालची पट्टी विशेष भक्कम असावी.

सुरक्षेच्या बाबतीत काटकसर करू नये. भोसरी-चाकण पट्ट्यात मोटारींच्या काचांचे कारखाने आहेत. मोटारीच्या समोरच्या काचेत दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ थर असतो. काच फुटली तरी तुकडे त्याला धरून राहतात. साध्या आरशाला असे संरक्षण नसते. त्याचे सुरीसारखे लांब तुकडे होतात आणि कपाटाचे दार तर लहान मुलेही आपटतात. म्हणून आरसा बसविण्यापूर्वी त्याच्या पाठीला सेफ्टी फिल्म लावून घ्यावी व कडा घासून गुळगुळीत करून घ्याव्यात. अॅक्रिलिकचा आरसा वजनाने निम्मा असतो व सहज फुटत नाही. मात्र त्यावर ओरखडे लवकर उठतात आणि प्रतिमा किंचित वाकडी दिसते. मुलांच्या खोलीसाठी तो चालू शकेल.

काचवाला दर चौरस फुटाने सांगतो. त्या दरात कटाई, कडांची घासाई, फिल्म आणि बसविण्याची मजुरी धरली आहे काय, हे आधीच विचारून कागदावर लिहून घ्यावे. पावसाळ्यात लाकूड फुगलेले असते. तेव्हा पाऊस ओसरून दारे सुकल्यावर, दिवाळीच्या काही आठवडे आधी हे काम काढावे.