‘बाई, शूला जाऊ?’

शाळा सुरू झाल्या की आठ-दहा दिवसांत आमच्या बाह्यरुग्ण विभागात सहा-सात वर्षांची एक वेगळीच रांग लागते. केसपेपरवर तक्रार एकच असते, पोटात दुखतं. बहुतेक जण नुकतेच पहिलीत गेलेले. आईचं म्हणणं असतं, ‘शाळेत जायचं नाही म्हणून नाटकं करतो’. आजीचं म्हणणं असतं, ‘जंत झालेत’. मूल मात्र गप्प असतं. त्याला विचारलं, ‘शाळेत शूला जातोस का?’ तर ते आईकडे बघतं आणि मान हलवतं. नाही.

पोटदुखी म्हटलं की आपण जंत, बाहेरचं खाणं किंवा शाळेची भीती इथेच थांबतो. भीती हे कारण खोटं नाही. जॉन अ‍ॅपली या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने १९५८ मध्ये एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. सुमारे दहातल्या एका मुलाचं पोट वारंवार दुखत होतं, आणि त्यातल्या बहुतेकांत तपासून शारीरिक आजार सापडला नाही. पण दुखणं खरं होतं. आतडं आणि मेंदू यांच्यात मज्जातंतूंची सतत देवाणघेवाण चालू असते, त्यामुळे ताण आला की सहा वर्षांच्या मुलाच्या पोटात खरोखरच कळ येते. सोमवारी सकाळी दुखणारं आणि रविवारी न दुखणारं पोट ‘नाटक’ म्हणून उडवून लावू नये ते यासाठी. अ‍ॅपलींनी डॉक्टरांना एक उपयोगी खूणही दिली. दुखणं बेंबीपासून जितकं लांब, तितकी शारीरिक आजाराची शक्यता जास्त. मूल झोपेतून दुखून उठत असेल, ताप असेल, हिरवी उलटी होत असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा वजन घटत असेल, तर शाळेला दोष देत बसू नका. त्याला दवाखान्यात न्या.

या दोन टोकांच्या मध्ये एक मोठा गट आहे आणि त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. शाळेत लघवी आणि शौच दाबून ठेवणाऱ्या मुलांचा.

मुलाच्या मूत्राशयाची क्षमता काढायचं एक साधं सूत्र आम्ही वापरतो. वयात दोन मिळवायचे आणि तीसने गुणायचं. सहा वर्षांच्या मुलासाठी उत्तर येतं २४० मिलिलिटर, म्हणजे साधारण एक पेला. एवढ्याशा पिशवीला दोन-तीन तासांनी रिकामं व्हावं लागतं. त्यात शाळा सुरू होते पावसाळ्यात. घाम कमी, लघवी जास्त. असं मूल घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत पाच-सहा तास थांबलं, तर ते ओटीपोटाचे स्नायू आवळून थांबतं. पाय एकमेकांवर घट्ट टाकणं, मध्येच खाली बसून टाच दाबणं, घरी पोचताच दप्तर टाकून मोरीकडे पळणं, चड्डीला थेंब-दोन थेंब लागणं ही त्याची लक्षणं. रोज आवळायची सवय लागलेले स्नायू मग लघवी करतानाही पूर्ण सैल पडत नाहीत. थोडी लघवी आत उरते आणि उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. मुलींचा मूत्रमार्ग आखूड असल्याने त्यांना संसर्ग लवकर होतो.

शौचाचंही तसंच. ते दाबलं की मोठं आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, खडा होतो, जाताना दुखतं, आणि दुखलं म्हणून मूल पुढच्या वेळी आणखी दाबतं. भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब आणतं. काही महिन्यांनी खड्याच्या कडेने पातळ शौच झिरपून कपडे खराब होऊ लागतात. घरच्यांना वाटतं जुलाब झाले आणि ते जुलाब थांबवणारं औषध देतात! बद्धकोष्ठ बरं केल्याशिवाय अशा मुलांचे लघवीचे त्रास सुटत नाहीत, हे पालकांना पटवणं हे आमच्या कामातलं एक अवघड काम आहे.

सर्दी-खोकला नसताना ताप आला, लघवी करताना मूल रडलं, लघवीला उग्र वास आला किंवा गादी ओली करणं सुटलेलं मूल पुन्हा ओली करू लागलं, तर लघवीची तपासणी आणि कल्चर करून घ्या. कपाटातलं उरलेलं अँटिबायोटिक आधी देऊ नका, नाहीतर कल्चरमध्ये काही सापडत नाही. तापासह वारंवार होणाऱ्या संसर्गाने मूत्रपिंडावर व्रण राहू शकतात, आणि ते पुढे रक्तदाबाच्या रूपाने त्रास देऊ शकतात. म्हणून ही बाब किरकोळ नाही.

मूल शाळेत लघवीला का जात नाही? याचं उत्तर मला दवाखान्यात मिळत नाही, शाळेत मिळतं. अंगणवाडी बहुधा घराजवळ असते. तिथे मदतनीस ताई हाताला धरून बाहेर नेतात, चड्डी सोडून देतात. दोन महिन्यांनी तेच मूल पहिलीत जातं आणि अचानक सगळं त्याने स्वतः करायचं असतं. शौचालय कुठे आहे हे त्याला कोणी दाखवलेलं नसतं. आत अंधार असतो, कडी वर असते, दार बाहेरून मोठी मुलं ढकलतात. पट्टा, बटण किंवा सलवारीची नाडी त्याला एकट्याला सुटत नाही. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे विचारायचं कसं. इंग्रजी माध्यमाच्या चकचकीत फरशीच्या शाळेत ‘मे आय गो टू द वॉशरूम’ हे वाक्य पाठ झाल्याशिवाय सुटका नाही. नंदुरबारच्या डोंगरात पावरी, मेळघाटात कोरकू, भामरागडला माडिया बोलणारं मूल आपल्या शब्दात विचारतं आणि बदलून आलेल्या गुरुजींना तो शब्दच कळत नाही.

त्यात नियम असतो, ‘मधल्या सुट्टीतच जायचं.’ शिक्षकांची बाजू मी ऐकली आहे आणि ती मला खोटी वाटत नाही. एकाने करंगळी वर केली की बारा जण करतात. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिकला साधारण तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला असला, तरी लहान पटाच्या शाळेत दोन शिक्षक चार-पाच वर्ग सांभाळतात. कुंपण नसेल आणि पुढेच रस्ता असेल, तर सहा वर्षांचं मूल वर्गाबाहेर एकटं सोडायची भीती रास्त आहे. पण यावर उपाय लघवीची वेळ ठरवणं हा नव्हे, कारण मूत्राशयाला घंटा कळत नाही. जोडीने पाठवा. पहिले काही आठवडे चौथीतली ताई-दादा सोबत द्या. नव्याची नवलाई ओसरली की बारा करंगळ्या आपोआप दोनवर येतात, असं मला अनुभवी बाईंनीच सांगितलं आहे.

राज्यात २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ नावाचे शाळापूर्व तयारी मेळावे होतात. ते मला मनापासून आवडतात. मुलं उड्या मारतात, रंग भरतात, वस्तू मोजतात, आयांना घरी काय करून घ्यायचं ते सांगितलं जातं. शाळेच्या पहिल्या दिवशी फुलं, नवी पुस्तकं, गोड जेवण असतं. मी पाहिलेल्या मेळाव्यांत आणि प्रवेशोत्सवांत मात्र शौचालय दाखवण्याचा टेबल कुठे नव्हता. माझं मत विचाराल तर पहिल्या आठवड्यात मुळाक्षरं दोन दिवस उशिरा शिकवली तरी चालतील. पाच-पाचच्या गटाने मुलांना तिथे न्यावं, कडी लावून-काढून दाखवावी, नळ आणि मग हाताळू द्यावा, हात धुवून घ्यावेत. करंगळी वर केली की परवानगीची वाट न पाहता उठायचं, एवढं ठरवून टाकावं. केरळ आणि कर्नाटकातल्या शाळांत २०१९ मध्ये पाणी पिण्याची वेगळी घंटा सुरू झाली. तिची कल्पना चांगली आहे. फक्त शौचालय वापरता येत नसेल तर त्या घंटेने मुलांची अडचण वाढेल. कारण शहाणी मुलं, विशेषतः मुली, लघवीला जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. घरून भरून दिलेली बाटली तशीच परत येत असेल तर मुलावर रागावण्याआधी कारण विचारा.

मूल वर्गात ओलं झालं तर त्याला उभं करणं, हसणं, आईला बोलावून सर्वांसमोर सांगणं हा शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मना केलेला मानसिक छळच आहे. कपाटात दोन जुन्या चड्ड्या ठेवणं त्याहून सोपं आहे.

इमारतीबद्दल आता थोडं कडक बोलायला हवं. मुला-मुलींसाठी वेगळं शौचालय आणि पिण्याचं पाणी २००९ च्या कायद्याच्या परिशिष्टातच आहे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते देशभरच्या शाळांना बजावलं. २०१४ नंतर बांधकामं झाली. कागदावर शौचालयं आहेत. ती धुणार कोण, हा प्रश्न उरला. बहुतेक जिल्हा परिषद शाळांना शिपाई नाही. समग्र शिक्षाच्या निकषानुसार ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजार रुपयांचं संयुक्त अनुदान आहे आणि त्यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेवर खर्चायचा आहे. म्हणजे २,५०० रुपये. महिन्याला दोनशेच्या थोडं वर. एवढ्यात फिनेल येईल, माणूस येणार नाही. मग मुलांच्या हाती झाडू दिला जातो, आणि कोणत्या मुलांच्या हाती दिला जातो हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिला होता. गावाने मनावर घेतलं तर अशा निधीतून शाळेच्या टाकीची आणि सफाईची सोय बसवता येते. शाळा व्यवस्थापन समितीत पालकच बहुसंख्य असतात. ठराव त्यांनीच आणायचा.

घरी करण्यासारखं फार नाही, पण आहे ते महत्त्वाचं. सकाळी न्याहारी झाली की मोठं आतडं आपोआप हालचाल करतं. त्यानंतर दहा मिनिटं मुलाला निवांत बसू द्या. रिक्षा खाली हॉर्न वाजवत असताना हे होत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला, तो मुलांच्या झोपेसाठी. मला त्यात पोट साफ होण्याचाही फायदा दिसतो. पहिलं वर्षभर इलॅस्टिकची चड्डी द्या. गणवेशाला पट्टा सक्तीचा असेल तर शाळेशी बोला. आणि दुसरा डीपीटी बूस्टर याच वयाला, पाच ते सहा वर्षांत, असतो. राहिला असेल तर घेऊन टाका.

पहिल्या पालकसभेला जाल तेव्हा वर्गाबरोबर शौचालयही पाहून या. कडी आतून मुलाच्या हाताला पोचते का, दार नीट लागतं का, मग आहे का, कुलूप तर नाही ना. सकाळी दहाला टाकी भरलेली असते. दुपारी दोन वाजता जाऊन नळ सोडून पाहा.