अकरा संगणक भंगारात घालण्याआधी एक पेनड्राइव्ह लावून बघा

पोस्ट लांब आहे. ज्यांची मुलं सरकारी किंवा अनुदानित शाळेत आहेत त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

गेल्या आठवड्यात आपल्या तालुक्यातल्या एका शाळेत गेलो होतो. नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की मुद्दा राहतो बाजूला आणि सगळे 'पत्रकाराला कोणी सांगितलं' ते शोधत बसतात. गेलो होतो गळक्या छताच्या बातमीसाठी. जाता जाता संगणक कक्षाला कुलूप दिसलं. खिडकीतून पाहिलं तर आत अकरा संगणक, वर प्लास्टिकच्या पिशव्या. विचारल्यावर उत्तर मिळालं, "निर्लेखनाचा प्रस्ताव चाललाय सर. विंडोज टेन बंद झालं ना."

बंद झालं! जणू वीजच गेली.

काय झालंय ते आधी नीट समजून घेऊ. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार थांबवला. म्हणजे सुरक्षेचे मोफत अपडेट थांबले. घरगुती वापरकर्त्यांना वर्षभराची वाढीव सोय दिली, संस्थांनी हवी तर पैसे मोजून घ्यावी. संगणक काही बंद पडलेला नाही. बटण दाबलं की तो कालच्यासारखाच सुरू होतो. विंडोज ११ मात्र त्यावर अधिकृतपणे चढत नाही, कारण तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. शाळेतले संगणक सातव्या पिढीचे. एका पिढीने हुकले. मदरबोर्ड ठणठणीत, मॉनिटर ठणठणीत, कीबोर्डची दोन-चार बटणं सोडली तर सगळं ठणठणीत. आणि डेडस्टॉक रजिस्टरमध्ये शेरा काय पडणार? 'निरुपयोगी'.

हा शेरा कोणाच्या सांगण्यावरून पडतोय, तेही विचारलं. संगणक तपासायला जो आला होता, त्यानेच नव्या संगणकांचं कोटेशन दिलंय. आकडा लाखांत आहे. जुनं निकामी ठरवणारा तोच, नवं विकणारा तोच. यात कोणी लाच खाल्ली असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण समितीतल्या एकानेही 'याला दुसरा मार्ग आहे का' एवढं विचारू नये?

मार्ग आहे. त्याला ड्युअल बूट म्हणतात. एकाच संगणकात दोन ऑपरेटिंग सिस्टिम शेजारी शेजारी ठेवायच्या. सुरू करताना काळ्या पडद्यावर यादी येते, बाणाचं बटण खालीवर करून हवी ती निवडायची. एका खोलीत विंडोज, दुसरीत लिनक्स. लिनक्स फुकट आहे आणि चोरीची नाही. लिनक्स मिंटची २२ ही आवृत्ती ४ जीबी रॅमच्या मशीनवर चालते आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

आता काही मित्र लगेच म्हणतील, त्यापेक्षा पाचशे रुपयांत दुकानवाला विंडोज ११ टाकून देतो की! देतो, मला माहीत आहे. तपासणी चुकवून टाकतो, मग अँटिव्हायरस बंद करून कुठून तरी आणलेला अ‍ॅक्टिव्हेटर चालवतो. त्या अ‍ॅक्टिव्हेटरच्या पोटात काय आहे हे त्यालाही ठाऊक नसतं. ज्या संगणकात आपल्या पोरांची नावं, जन्मतारखा, आधार क्रमांक भरले जातात, त्याची किल्ली आपण अनोळखी माणसाच्या हातात देतोय. बाकी चोरीबद्दल शाळेत वेगळं काय बोलायचं?

दुसऱ्या टोकाला आमचे लिनक्सभक्त मित्र. त्यांचं म्हणणं, विंडोज पुसूनच टाका. अहो, पुसून कसं चालेल? माझ्याकडे पंधरा-सोळा वर्षांच्या अंकांच्या पेजमेकरच्या फाइली आहेत, जुन्या फॉन्टमधल्या. त्या युनिकोड नाहीत. लिनक्सवर उघडायच्या तर खटपट, आणि उघडल्या तरी 'क्ष'च्या जागी भलतंच काहीतरी. शाळेच्या कार्यालयातही जुने दाखले, जुनी पत्रं अशाच फॉन्टमध्ये अडकलेली आहेत. शिवाय गावोगावच्या कार्यालयात दिसणारा तो छोटा लेझर प्रिंटर लिनक्सवर चालवताना घाम फुटतो. म्हणून दोन्ही ठेवा म्हणतोय. जुन्या फाइली आणि प्रिंटर विंडोजवर, तेही इंटरनेटची वायर काढून. इंटरनेटचं सगळं काम लिनक्सवर. यू-डायस प्लस ब्राउझरमध्येच भरायचं असतं, ते फायरफॉक्समध्ये उघडतं. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ उघडतात. गणितासाठी जिओजेब्रा चालतं. वर्ड-एक्सेलच्या जागी लिब्रेऑफिस आहे. मराठी इनस्क्रिप्टने टाइप करता येतं, कीबोर्डच्या यादीत मराठी निवडायचं एवढंच.

डिजिटल सहीचा टोकन हा एक खरा अडथळा आहे. अनेक ठिकाणी तो विंडोजवरच सुरळीत चालतो आणि त्याला इंटरनेटही लागतं. मान्य. मग सहीपुरता एक नवा संगणक घ्या. एक. अकरा कशाला?

हे जमणार कोणाला, हा पुढचा प्रश्न. मला जमलं, म्हणजे कोणालाही जमेल. माझी पदविका पत्रकारितेची आहे, संगणकाची नाही. पण सावधपणे करावं लागतं, आणि हे मी चूक करून शिकलोय. २०१७ साली पहिल्यांदा केलं तेव्हा इन्स्टॉलरने दोन पर्याय समोर ठेवले, 'विंडोजच्या शेजारी टाका' आणि 'डिस्क पुसून टाका'. मी घाईत दुसरा दाबला. तीन वर्षांचे फोटो गेले. त्यात एका दुष्काळी उन्हाळ्यातले टँकरच्या रांगांचे फोटो होते, ते पुन्हा कुठून आणणार? तेव्हा पहिलं काम, कामाच्या सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या. आणि घेतलेली प्रत उघडते का तेही बघा.

मग विंडोजमध्ये जाऊन 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपते, आणि मग लिनक्समधून त्या डिस्कवर लिहायला गेलात की घोळ होतो. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह आक्रसून ५०-६० जीबी जागा मोकळी करा, तिला नाव-फॉरमॅट काही देऊ नका. मिंटची फाइल उतरवून रूफसने पेनड्राइव्हवर चढवा आणि संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करा. विंडोज लेगसी मोडमध्ये टाकली असेल तर पेनड्राइव्हही लेगसीतच सुरू करायचा, यूईएफआय असेल तर यूईएफआयमध्ये. जुन्या मशीनवर निम्मे लोक इथेच अडतात.

आणि गंमत म्हणजे पेनड्राइव्हवरून आलेली लिनक्स काहीही न टाकता चालवून बघता येते. आवाज येतो का, इंटरनेट लागतं का, पडदा नीट दिसतो का, सगळं अर्ध्या तासात कळतं. डिस्कला हात लागत नाही. पटलं तरच पुढे 'शेजारी टाका'. नंतर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे गेलं तर घाबरू नका. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ लिहिते, विंडोज तीच स्थानिक समजते. एका आज्ञेने सुटतं.

ड्युअल बूट कधी बिघडतच नाही, असंही सांगणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्याच एका सुरक्षा अपडेटने अनेकांच्या संगणकावरची लिनक्स उघडेनाशी झाली होती. दोन सिस्टिम असलेल्या मशीनवर ते लागू होणार नाही, असं मायक्रोसॉफ्टने आधी सांगितलं होतं. झालं उलटंच. म्हणूनही म्हणतो, जुनी विंडोज इंटरनेटपासून लांब ठेवा.

'आपल्याकडच्या शिक्षकांना झेपणार नाही' हे वाक्य मी दोन दिवसांत चार जणांकडून ऐकलं. केरळच्या शिक्षकांना झेपतं. तिथे 'काइट' ही सरकारी संस्था शाळांसाठी स्वतःची लिनक्स तयार करते, शिक्षकांना प्रशिक्षण देते, आणि पोरं त्यावरच शिकतात. लांब कशाला, सी-डॅकचं मुख्यालय आपल्या पुण्यात आहे. त्यांनी बॉस नावाची लिनक्स २००७ मध्येच आणली. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण काढलं. एवढं सगळं असून आपल्या तालुक्यात संगणक शिकणं म्हणजे स्टार्टचं बटण कुठे आहे ते पाठ करणं! बटण जरा सरकलं की मास्तर आणि पोर दोघंही हरवतात. यात दोष शिक्षकांचा नाही. त्यांना एकच खिडकी दाखवली गेली.

या कुलपाची खरी किंमत कोण मोजतंय? प्रस्ताव तालुक्याला जाणार, तिथून जिल्ह्याला, मग निधी, मग खरेदी. यात आठवी-नववीची किमान एक तुकडी संगणकाला हात न लावता बाहेर पडणार. खासगी शाळेतल्या पोरांच्या घरी लॅपटॉप असतो, त्यांचं अडत नाही.

माझी मागणी छोटी आहे. निर्लेखनाच्या प्रस्तावावर सही करण्याआधी प्रत्येक संगणक पेनड्राइव्हवरून लिनक्स लावून तपासावा आणि काय दिसलं ते प्रस्तावात लिहावं. जो खरंच चालत नाही तो खुशाल भंगारात जाऊ दे. आणि ही तपासणी कोटेशन देणाऱ्याने करू नये.

मुख्याध्यापक सरांशी बोललो. माणूस चांगला आहे. "वर विचारून सांगतो," म्हणाले. चार दिवस झाले. सर, शनिवारी सकाळची शाळा असते, त्यानंतर कक्ष रिकामाच असतो. मी पेनड्राइव्ह घेऊन येतो, पैसे नकोत, चहाही माझाच. तुम्ही फक्त किल्ली तेवढी आणा.