पहिली शर्यत, आपली लय

हिवाळ्यातील सकाळी लखनौमध्ये गोमतीच्या काठाने फिरायला निघाले, की धुक्यातून धावत येणारी माणसे दिसतात. त्यांत शाळकरी मुले असतात, नोकरदार असतात, घरची कामे उरकून आलेल्या गृहिणीही असतात. कित्येकांना पाच किलोमीटरच्या पहिल्या शर्यतीचे वेध लागलेले असतात. अशा नवख्या धावपटूला हमखास विचारले जाते, "किती मिनिटांत पूर्ण करणार?" उत्तर देताना तो स्वतःच्या शक्तीपेक्षा शेजाऱ्याच्या वेळेकडे अधिक पाहतो. माझ्या मते, चूक येथेच होते.

बीड जिल्ह्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळे यांनी २०२२ मध्ये ५००० मीटर अंतर १३ मिनिटे २५.६५ सेकंदांत पार केले. म्हणजे किलोमीटरला सुमारे २ मिनिटे ४१ सेकंद. हा आकडा स्फूर्ती देतो, पण त्यामागे अनेक वर्षांची साधना आहे. तो नवख्याचे उद्दिष्ट होऊ शकत नाही.

उद्दिष्ट ठरवावे ते स्वतःच्या मापाने. काही आठवडे नियमित सराव झाल्यावर सपाट रस्त्यावर तीन किलोमीटर एकसारख्या वेगाने धावून पाहावे. २१ मिनिटे लागली, तर किलोमीटरला ७ मिनिटे पडली. अंतर वाढले की वेग थोडा मंदावतोच. म्हणून पाच किलोमीटरसाठी किलोमीटरला सव्वासात मिनिटे धरावीत. एकूण वेळ साधारण ३६ मिनिटे होते. हवा उष्ण वा दमट असेल, तर आणखी सवलत घ्यावी. कारण तेव्हा शरीर थंड ठेवण्यासाठीही रक्त त्वचेकडे वळवावे लागते.

खरी कसोटी लागते ती पहिल्या किलोमीटरला. गर्दीच्या उत्साहात पाय आपोआप वेग घेतात. आरंभीच शक्तीबाहेर धावल्यास स्नायूंना प्राणवायू पुरा पडत नाही आणि अखेरचे अंतर रखडत काटावे लागते. म्हणून पहिला किलोमीटर ठरलेल्या वेगापेक्षा दहा-पंधरा सेकंद सावकाश धावावा.

हे तत्त्व लखनौला अपरिचित नाही. मुंबईच्या पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये याच शहरात संगीत महाविद्यालय स्थापन झाले. ख्यालगायनात आधी विलंबित आणि मग द्रुत, असा क्रम असतो. विलंबित लयीत गाणे हा कोणी कमीपणा मानीत नाही. त्याच पायावर पुढची द्रुत लय उभी राहते.

कोणी म्हणेल, असे बेताचे उद्दिष्ट म्हणजे महत्त्वाकांक्षेचा अभाव. मला तसे वाटत नाही. पहिल्याच शर्यतीत धाप लागून बाजूला बसलेला माणूस "हे आपले काम नव्हे" असे ठरवून मोकळा होतो. ठरवलेल्या वेळेत अंतर पार करणारा मात्र दुसऱ्या शर्यतीची तयारी करू लागतो. एका शर्यतीची काही मिनिटे गेली तरी चालतील. धावण्याची गोडी जाता कामा नये.

नोकरी वा संसार सांभाळून मुक्त विद्यालयात शिकणाऱ्यांना हे सहज पटेल. सगळे विषय एकाच परीक्षेत द्यावेत, अशी सक्ती तेथे नसते. आपली शक्ती ओळखून टाकलेले पाऊल सावकाश पडले, तरी ते पुढेच पडते.