मॅग्नमचा माज

परवा भाच्याचा फोन आला. त्याने हंटर सेफ्टीचा कोर्स पूर्ण केलाय आणि येत्या नोव्हेंबरात तो पहिल्यांदाच माझ्याबरोबर विस्कॉन्सिनच्या जंगलात हरणाच्या शिकारीला येणार आहे. आवाजात नुसता उत्साह! "मामा, रायफल ठरली. थ्री-हंड्रेड विंचेस्टर मॅग्नम. दुकानदार म्हणाला, ताकद कमी पडायला नको."

मी म्हटलं, "हरणाला कमी पडणार नाही रे, तुला जास्त होईल." तो हसला. मी विनोद केला नव्हता. म्हणून आज हा विषय.

आधी एक गंमत सांगतो. आपण ज्याला कॅलिबरचा वाद म्हणतो तो बऱ्याचदा कॅलिबरचा नसतोच. कॅलिबर म्हणजे नळीचा, पर्यायाने गोळीचा व्यास. १९०६ सालची थर्टी-ऑट-सिक्स, १९५२ सालची थ्री-ओ-एट आणि १९६३ सालची ही थ्री-हंड्रेड मॅग्नम, तिन्हींच्या गोळीचा व्यास एकच, ०.३०८ इंच. फरक आहे तो काडतुसात दारू किती मावते याचा. म्हणजे भाचेबुवा मोठी गोळी विकत घेत नाहीयेत, जास्तीची दारू आणि खांद्याला बसणारी जास्तीची लाथ विकत घेतायत. टू-सेव्हंटी आणि टू-एटी यांच्या गोळ्यांत तर इंचाच्या सात हजारांश भागाचा फरक आहे. त्यावरून लोक शेकोटीभोवती अर्धी रात्र भांडतात!

आता हरणाकडून बघा. इथलं व्हाइटटेल हरीण काही गेंड्याच्या कातडीचं नाही. पुढच्या पायामागे, छातीत, हृदय-फुप्फुसांचा जो भाग असतो तो साधारण आठ इंचांचा. जेवणाच्या कागदी थाळीएवढा म्हणा. गोळी तिथे लागली आणि ती नीट फुलणारी असली तर हरीण थोडं धावतं आणि पडतं. आमच्या झाडीत शंभर यार्डांपलीकडे हरीण दिसणंच मुश्किल. तेवढ्या अंतरात १८९५ सालची म्हातारी थर्टी-थर्टीसुद्धा हे काम आजही चोख करते. आपले जिम कॉर्बेटसाहेब आठवतात ना? १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर त्यांना जी रिग्बी रायफल भेट मिळाली ती टू-सेव्हंटी-फाइव्ह होती. आजच्या दुकानदाराने ती मधल्या फळीवर ठेवली असती.

मग मॅग्नम घेतली तर बिघडलं कुठे, जास्त ताकद वाईट थोडीच? बिघडतं ते खांद्यात आणि मेंदूत. सारख्या वजनाच्या रायफली धरल्या तर थर्टी-ऑट-सिक्सचा धक्का टू-फॉर्टी-थ्रीच्या जवळजवळ दुप्पट असतो आणि थ्री-हंड्रेड मॅग्नमचा त्याहूनही बराच जास्त. चार बार काढले की शरीर शिकतं की चाप ओढला की मार बसतो. पाचव्या बाराला डोळे आधीच मिटतात, खांदा आखडतो, नळी हलते. आणि हे ज्याचं त्याला कळतही नाही!

मला कळलं ते एका हरिणीमुळे. काही वर्षांपूर्वी एका मित्राची मॅग्नम घेऊन मी बसलो होतो. हरीण मारायला तोफच हवी अशी माझीही तेव्हा समजूत होती. सत्तर यार्डांवर हरिणी आडवी उभी. याहून सोपा नेम असूच शकत नाही. मी दचकलो. गोळी मागे, पोटात लागली. रक्तात हिरवट घाण दिसली तेव्हाच कळायला हवं होतं की आता कित्येक तास थांबायचं, तिला निवांत बसू द्यायचं. मी घाईघाईने मागावर निघालो, ती उठून पुढे पळाली आणि दलदलीत माग संपला. अंधार पडेपर्यंत शोधलं. दुसऱ्या दिवशीही शोधलं. सापडली नाही. जगातली सगळी ताकद त्या काडतुसात होती. तिचा काय उपयोग झाला?

'ताकद असली की नेम थोडा चुकला तरी चालतं' असं म्हणणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो. पोटात लागलेली मॅग्नम ही पोटात लागलेलीच गोळी असते. नाचता येईना अंगण वाकडं, तसं यांना नेम धरता येईना म्हणून काडतूस लांब!

याचा अर्थ लहानात लहान घ्या असा नाही. विस्कॉन्सिनच्या कायद्यात ०.२२ इंचांची सेंटरफायर रायफलही चालते, पण नवख्याच्या हातात मी ती देणार नाही. चुकीला तिथे फारच कमी जागा असते. आणि पश्चिमेकडच्या उघड्या डोंगरांत तीनशे यार्डांवरून एल्क मारणारा मुरलेला शिकारी मॅग्नम वापरत असेल तर माझं काही म्हणणं नाही. त्याने तो खांदा कमावलाय. माझा वाद आहे तो पहिल्या हंगामाला तोफ खपवणाऱ्यांशी.

तर भाचेबुवा, टू-फॉर्टी-थ्री घे, सेव्हन-एमएम-ओ-एट घे, नाहीतर २००७ साली आलेली सिक्स-पॉइंट-फाइव्ह क्रीडमूर घे. नावाचं लोणचं घालायचंय का? वाचलेल्या पैशांची काडतुसं घे आणि रेंजवर ये. मी तुझ्या मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांत एखादं खोटं मिसळून देईन. चाप ओढल्यावर नुसतं 'टक्' झालं आणि तरी नळी हलली, तर समज की दचकतोयस. नळी दगडासारखी स्थिर राहीपर्यंत आणि बसून, उभ्याने, हातात काठी टेकून कागदी थाळीत गोळ्या जाईपर्यंत हरणाचं नाव काढायचं नाही.

माझ्या आईला माझा हा उद्योग मुळातच मान्य नाही. "पाप लागतं रे," म्हणते. जी हरणं जागच्या जागी पडली, ज्यांचं मांस आम्ही वर्षभर खाल्लं, त्यांच्याबद्दल मी तिच्याशी वाद घालू शकतो. दलदलीत गेलेल्या त्या एकीबद्दल मात्र गप्प बसतो.

असो. दुकानदाराला फोन कर आणि ती ऑर्डर रद्द कर.