विंचवाचं बिऱ्हाड आणि फ्रिजचा संसार

‘गाडीला चार चाकं आहेत. चारही फिरवा. आत पलंग टाका, शेगडी बसवा. झाली घरगाडी! याला पावणेदोन कोटी कसले मागता?’

स्वतःच्या गाडीने लडाख-स्पितीला जाऊन आलेल्या चार माणसांत बसा, हा प्रश्न निघतोच. निघतो, आणि लगेच एकमताने निकालीही निघतो: कंपन्या लुटतात, दुसरं काय! आकडा मात्र हवेतला नाही. विनेबागो या अमेरिकी कंपनीची ‘रेव्हेल’ ही मर्सिडीज स्प्रिंटरवर बांधलेली घरगाडी. ती आता दोन लाख डॉलरच्या पुढे जाते. एवढे पैसे मोजूनही ती खरी खडकाळ वाट किती चढेल, याबद्दल जाणकार हात राखूनच बोलतात. मग ‘लूट’ हा शब्द तोंडात येणं स्वाभाविक आहे.

स्वाभाविक आहे, पण चूक आहे. घर आणि चढाई यांचं मुळातच वैर आहे. जे घराला लागतं तेच चढाईला नडतं. या दोघांना एका चासीवर नांदवायचं तर मध्यस्थाला दाम मोजावा लागतो. आपण ज्याला नफेखोरी म्हणतो त्यातला मोठा भाग हा मध्यस्थीचा दाम आहे. हे माझं म्हणणं. आता उलट बाजूचे मुद्दे एकेक करून घेतो.

पहिला मुद्दा सरकारचा. ‘गाड्या आहेत हो, करांनी आणि कायद्यांनी अडवून ठेवल्यात.’ अमेरिकेपुरतं यात तथ्य आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपच्या सामाईक बाजारपेठेने अमेरिकेच्या स्वस्त कोंबड्यांवर जकात चढवली. त्याचं उट्टं म्हणून अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये परदेशी हलक्या मालवाहू गाड्यांवर २५ टक्के जकात बसवली. भांडण कोंबडीचं होतं, ते विसरलं गेलं. जकात अजून आहे. तिच्यापायी मर्सिडीजने कित्येक वर्षं जर्मनीत तयार झालेल्या मालवाहू स्प्रिंटर पुन्हा सुट्या केल्या, बोटीने दक्षिण कॅरोलिनात नेल्या आणि तिथे परत जोडल्या. त्यात १९८८ च्या कायद्याची भर पडली. अमेरिकी नियमांत न बसणारी परदेशी गाडी २५ वर्षांची झाल्याशिवाय तिथे आणता येत नाही. मित्सुबिशीची डेलिका, जपानमधल्या साध्या कुटुंबाची सहलीची गाडी, अमेरिकेत म्हातारी होऊन पोचते आणि पोचताच नवरीसारखी मिरवते.

पण हा मुद्दा दोन पावलांत थकतो. ती जकात मालवाहू गाड्यांवर आहे, माणसं वाहणाऱ्या गाड्यांवर नाही. फोक्सवॅगनची फोर व्हील ड्राइव्ह ‘सिंक्रो’ घरगाडी आसनं आणि खिडक्यांसह राजरोस अमेरिकेत विकली जात होती, तरी ती तिथे दुर्मीळच राहिली. आणि युरोपात ना कोंबडीचा कर, ना २५ वर्षांचा वनवास. स्प्रिंटर तर त्यांच्या घरचीच. तिथे या गाड्या स्वस्त आणि मुबलक असायला हव्या होत्या. तशा नाहीत. कायद्याने रोग बळावला असेल, पण तो रोगाचं कारण नव्हे.

दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे, कारण त्याच्या पाठीशी एक खरी गाडी उभी आहे. रशियातल्या उल्यानोव्स्कच्या कारखान्यात १९६५ पासून एक व्हॅन बनते, यूएझेड-४५२. आकारावरून लोक तिला ‘बुखान्का’ म्हणतात, म्हणजे पावाचा लोफ. मजबूत चासी, पुढे-मागे अखंड एक्सल, फोर व्हील ड्राइव्ह, कमी वेगात जास्त जोर देणारा लो रेंज गिअर. चिखल, बर्फ, ओढा, काही म्हणून अडत नाही आणि किंमत साध्या मोटारीइतकी. ‘रशियनांना साठ वर्षांपूर्वी जमलं ते जर्मनांना आज जमत नाही?’

जमतं. पण बुखान्काची स्वस्ताई कशावर उभी आहे तेही पाहा. तिचं इंजिन पुढच्या दोन आसनांच्या मधोमध आहे आणि चालक जवळजवळ पुढच्या चाकावर बसतो. त्यामुळे गाडी आखूड राहते आणि आखूड म्हणून खाचखळग्यांतून सुटते. पण समोरून धडक बसली तर चेपून धक्का सोसणारं नाक या गाडीला नाही. त्या जागी चालकाचे गुडघे आहेत. जुन्या डेलिकात आणि सिंक्रोतही चालक असाच पुढच्या चाकावर बसतो. ज्या गाड्यांच्या आठवणीने लोक आज उसासे टाकतात, त्या बहुतेक सगळ्या बिननाकाच्या आहेत. पुढे सुरक्षेचे निकष कडक होत गेले. फोक्सवॅगनने १९९० मध्ये, डेलिकाने १९९४ मध्ये पुढे नाक काढलं. नाक आलं की लांबी वाढली. कोणी कला विसरलं नाही, आपणच आपल्या गुडघ्यांची किंमत वाढवली. ती वाढवली हे योग्यच झालं. मात्र बिल आलं की कारखानदाराला चोर म्हणू नये.

तिसरा मुद्दा आपल्या गॅरेजांतला. ‘साधी व्हॅन घ्या, पाट्यांखाली ठोकळे देऊन चार इंच उचला, मोठे टायर चढवा. लाख-दोन लाखांत काम.’ या मुद्द्याचं खंडन शाळेतल्या भूमितीने होतं. खडकाच्या उंचवट्यावरून जाताना पुढची चाकं पलीकडे उतरतात, मागची अलीकडे असतात आणि पोट मध्ये टेकतं. पोट किती लवकर टेकेल हे दोन गोष्टींवर ठरतं: पोटाखालची जागा आणि दोन चाकांमधलं अंतर. पोटाखाली २० सेंटिमीटर धरा. चाकांत २.४ मीटर अंतर असलेली आखूड जीप सुमारे १९ अंशांचा उंचवटा ओलांडते. मधल्या लांबीच्या स्प्रिंटरचं हे अंतर ३.६६ मीटर आहे. तेवढ्याच २० सेंटिमीटरांत तिला साडेबारा अंश मिळतात. जीपची बरोबरी करायची तर पोटाखाली ३० सेंटिमीटर हवेत, म्हणजे अख्खी गाडी १० सेंटिमीटर वर. आणि आत ताठ उभं राहता यावं म्हणून जिचं छप्पर आधीच पावणेतीन मीटरांच्या घरात आहे, तीच ही गाडी! छपरावर सोलर पॅनेल आणि कापडी चांदणीची गुंडाळी, वर सामानाची पेटी. आडव्या उतारावर एक चाक खड्ड्यात गेलं की ही उंची काय करते, ते गवताच्या भाऱ्यांनी भरलेला ट्रक घाटात डुलताना ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको.

शिवाय उचललेल्या गाडीच्या प्रोपेलर शाफ्टचे कोन बदलतात, सांधे लवकर झिजतात. टायर मोठे केले की गिअरचं गणित बिघडतं आणि ब्रेकला जास्त जोर लागतो. ठोकळ्यांनी गाडी उंच होते, तिची चढण्याची ताकद वाढत नाही. ताकद येते ती लो रेंज गिअरने, एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर पोचवणाऱ्या डिफरन्शियल (डिफ) लॉकने आणि हवेत न लटकता जमीन धरून राहणाऱ्या चाकाने. हे तिन्ही ठोकळ्याच्या भावात मिळत नाही.

आता उरला नफेखोरीचा मुद्दा. इथे आकड्यांचा खेळ समजून घेतला पाहिजे. सिंक्रो फोक्सवॅगनच्या मुख्य ओळीवर पूर्ण होत नसे. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात श्टायर-डाइमलर-पुख या कंपनीकडे ती बांधली जाई. तिचा सर्वांत दणकट अवतार म्हणजे १६ इंची चाकांचा. त्याच्या साऱ्या उत्पादनकाळात दोन हजारांच्या थोड्याच पुढे गाड्या झाल्या. दोन हजार! लाखांनी खपणाऱ्या गाडीच्या साच्याचा खर्च लाखांत वाटला जातो, हिचा दोन हजारांत. स्प्रिंटरच्या जुन्या फोर व्हील ड्राइव्हमागेही ओबरआयग्नर या ऑस्ट्रियन कंपनीचं काम होतं. खऱ्या डिफ लॉकची स्प्रिंटर हवी असेल तर बव्हेरियातल्या मार्क्टब्राइटच्या इग्लहाउटसारख्या छोट्या कार्यशाळेकडे जावं लागतं. मग आतलं घर बांधणारा वेगळा. एका गाडीला तीन-तीन सासरं. प्रत्येकाची मजुरी वेगळी, प्रत्येकाची वॉरंटी वेगळी आणि प्रत्येकाचा नफा अर्थातच वेगळा. नफा कोणी घेत नाही असं मी म्हणत नाही. कोविडनंतर रस्त्यावरच्या बिऱ्हाडाची फॅशन आली तेव्हा अनेकांनी हात धुऊन घेतले. पण फॅशन ओसरली म्हणून ही गाडी साध्या व्हॅनच्या भावात येणार नाही. जी वस्तू शेकड्यांनी बनते ती शेकड्यांच्याच भावात मिळते.

याची उलट साक्ष डेलिकाच देते. ती जपानी कुटुंबाला परवडत होती, कारण तिच्या खालचं यंत्र पजेरोचं होतं आणि पजेरो ढिगाने खपत होती. डेलिकाला थोरल्या बहिणीच्या साड्या मिळाल्या. आणि ती छोटी होती. आत झोपता येई, फार तर चहा करता येई. न्हाणीघर, फ्रिज, १०० लिटरची टाकी हा संसार तिच्यात नव्हता.

आता वजनाचा हिशोब मांडतो. युरोपात साध्या मोटारीच्या परवान्यावर साडेतीन टनांपर्यंतची गाडी चालवता येते, म्हणून सगळे त्या रेषेखाली राहायला धडपडतात. रिकाम्या व्हॅनमध्ये फोर व्हील ड्राइव्ह घातली की शे-सव्वाशे किलो तिथेच गेले. टाकीत १०० लिटर पाणी म्हणजे आणखी १०० किलो, त्यात सवलत नाही. बॅटऱ्या, फ्रिज, पलंग, कपाटं, गॅस, चांदणी, आणि शेवटी माणसं. रेषा कधी ओलांडली कळतही नाही. मग वजन पेलायला जाड पाटे, जाड पाट्यांनी चाकाची लवचीकता गेली, लवचीकता गेली की चाक हवेत. ज्या घरासाठी गाडी घेतली त्या घरानेच तिचे पाय बांधले.

या वैराला प्रामाणिक उत्तर देणाऱ्या गाड्याही आहेत. इटलीची इव्हेको डेली ४x४ घ्या: कायमची फोर व्हील ड्राइव्ह, तीन डिफ लॉक, ट्रकसारखी चासी. ती चढते. पण ती उंच आहे, जड आहे आणि तिला ट्रकचेच हिसके आहेत. जे मागितलं ते तिने दिलं आणि त्याचा मोबदला उघडपणे घेतला.

आणि गिऱ्हाईक? अमेरिकेत २०२३ च्या मॉडेलपासून स्प्रिंटरची जुनी फोर व्हील ड्राइव्ह गेली आणि तिच्यासोबत लो रेंज गिअरही गेला. त्याजागी निसरड्या रस्त्यापुरती ऑल व्हील ड्राइव्ह आली. फोर्ड ट्रान्झिटच्या ऑल व्हील ड्राइव्हला लो रेंज कधी नव्हताच. तरीही दोन्हींवर घरगाड्या बांधल्या जातात आणि खपतात. कारण या गाड्यांचं आयुष्य बर्फाळ पार्किंग आणि कच्च्या सडकेवर जातं. खडक चढणारी गाडी हवी असं म्हणणारे पुष्कळ, खडकावर जाणारे मूठभर. कारखानदार बोलण्यावर नाही, खपावर गाडी काढतो.

आपल्याकडे हा वाद पुण्यापर्यंत येऊन पोचतो. आपल्या बोलीत ‘टेम्पो’ शब्द रुजवणारी बजाज टेम्पो, म्हणजे आजची आकुर्डीची फोर्स मोटर्स, दोन्ही वस्तू बनवते: पुढे-मागे डिफ लॉक असलेली गुरखा आणि माणसांनी भरून घाट चढणारी ट्रॅव्हलर. ‘खाली गुरखा, वर ट्रॅव्हलर, जोडायला काय जातं?’ जातं ते असं. गुरखा चढते ती आखूड असल्यामुळे. ट्रॅव्हलर लांब आहे आणि तिची शेपूट मागच्या चाकाच्या बरीच मागे लोंबते. जोडायचं तर तेवढं वजन पेलणारा पुढचा एक्सल, ट्रान्सफर केस, ब्रेक, चासी, सगळं नवं. मग घरगाडीच्या एआयएस-१२४ या मानकाच्या चाचण्या. हे गॅरेजात करू म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये बजावलं आहे. एवढं करून गाडी जाणार कुठे? गणपतीपुळ्याला आणि महाबळेश्वरला, डांबरी रस्त्याने.

आणि गंमत अशी, की मनाली-लेह आणि स्पितीच्या वाटेवर रोज दिसणारी ट्रॅव्हलर मागच्या दोनच चाकांवर चालते. बारा-चौदा माणसं, छपरावर सामान, गोठलेल्या पाण्याचे ओहोळ. तिला नेतो तो चालकाचा अंदाज, आणि जिथे जाऊ नये तिथे न जाण्याचं त्याचं शहाणपण.

‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ असं आपण म्हणतो. विंचू भिंतही चढतो, कारण त्याचं बिऱ्हाड म्हणजे तो स्वतःच. आपल्याला त्याची चढाई हवी आणि फ्रिजही हवा. तेव्हा घर आणि वाहन वेगळं करा. चढणारी आखूड गाडी घ्या, छपरावर तंबू बांधा. किंवा घर मोठं ठेवा आणि ते डांबर संपेल तिथे उभं करून पुढे पायी जा. दोन्ही एकत्र हवंच असेल तर पैसे मोजा, पण लुटले गेल्याची ओरड करू नका. आणि मोजण्याआधी एक काम करा: टाकी, पाणी, सामान, बायकापोरं अशी भरलेली गाडी एकदा वजनकाट्यावर चढवा. पावतीवरचा आकडा विकणाऱ्यापेक्षा आणि माझ्यापेक्षाही जास्त खरं सांगेल.