मोठेपणा कुणाच्या खिशातून?

संगणकांच्या जागतिक बुद्धिबळ स्पर्धेत मोहरी हलवायला आणि घड्याळ दाबायला तेव्हा माणूसच बसायचा. २००३ साली ऑस्ट्रियात, ग्राझच्या जागतिक स्पर्धेत जिंकत आलेल्या 'श्रेडर'ने प्रोग्राममधल्या चुकीमुळे तीच स्थिती तिसऱ्यांदा आणली. 'जॉनी'च्या पडद्यावर तसं दिसलंही. पण त्याच्या माणसाने बरोबरी मागितलीच नाही. श्रेडर जिंकला, 'फ्रिट्झ'च्या गुणांशी बरोबरी साधली आणि जादा डावांत अजिंक्य ठरला.

नातू म्हणाला, "आजोबा, केवढा मोठेपणा!"

मी म्हटलं, "अरे, पण भुर्दंड फ्रिट्झला पडला ना!"

आमच्या हिरकणीलाही, सांगतात, सूर्यास्तानंतर गडाचा दरवाजा कुणी उघडून दिला नाही. महाराजांनी पहारेकऱ्यांचा नियम मोडला नाही. कडा उतरणाऱ्या आईचं कौतुक केलं आणि तिथे बुरूज बांधला. घड्याळ असो की दरवाजा, नियम सर्वांना सारखा. मोठेपणा आपल्याच खिशातून करावा.