रिपोर्ट फाइलमध्ये, फरसाण डब्यात

अबू धाबीने 2008 साली ‘विकाया’ हा कार्यक्रम सुरू केला. अरबीत या शब्दाचा अर्थ प्रतिबंध. प्रौढ अमिराती नागरिकांचा रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासून हृदयविकाराचा धोका मोजला गेला. आपण इथले नागरिक नसलो, तरी वार्षिक तपासणीत हेच आकडे आपल्याही हाती येतात. प्रश्न आहे तो पुढचा.

डेन्मार्कमधल्या ‘इंटर99’ चाचणीत तपासणीनंतर जोखमीच्या लोकांना पाच वर्षं आहार-व्यायामाचा सल्ला दिला. तरी 10 वर्षांनी त्या गटात हृदयविकार कमी झालेला दिसला नाही. नुसता सल्ला पुरत नाही, तो असा.

माझ्या मते आपल्याकडे गाडी अडते ती इथे: रिपोर्ट एकाचा, म्हणून पथ्यही एकट्याचं. बाकीच्यांसमोर भारतातून आणलेली चकली-फरसाण आणि एकट्याच्या ताटात काकडी, हे किती दिवस टिकणार? दक्षिण आशियाई माणसाला पहिला झटका इतरांपेक्षा सरासरी सहा वर्षं आधी येतो, असं ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दिसलं. म्हणजे धोका घरातल्या इतरांनाही आहेच.

तेव्हा बदल अख्ख्या घराने करावा. पापड-लोणचं सणावारी, रोज उसळ-कोशिंबीर जास्त, भात कमी. आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालणं. उन्हाळ्यात मॉलमध्ये, हिवाळ्यात कॉर्निशवर, पण दोघांनी मिळून. गोळ्या चालू असतील तर मनाने बंद करू नका. आणि पुढच्या तपासणीची तारीख डॉक्टरांना विचारून आजच कॅलेंडरवर लिहा.